टाकीच्या तळाशीं

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्याकडे लहान मुलांच्याहि तोंडीं असते, आणि पुष्कळ बाबतींत ती खरीहि आहे. वर्षभर राहिलेला तांदूळ नव्या तांदुळापेक्षां मोकळा शिजतो. लोणचें मुरल्यावांचून त्यास चव येत नाहीं. सागवानाचें लांकूड चांगलें वाळल्यावांचून जाणता सुतार त्यास रंधा लावीत नाहीं. परंतु कांहीं वस्तु अशा आहेत कीं, त्यांचें सोनें न होतां चिखल होतो. नौकेच्या टाकींत पडून राहिलेलें डिझेल ही त्यांपैकींच एक होय. विषयाचें नांव ऐकून आमचे कित्येक वाचक, विशेषतः ज्यांनीं समुद्र केवळ सहलींत पाहिला आहे असे घाटावरील विद्यार्थिमित्र, हंसतील हें आम्ही जाणून आहों. कविता, प्रवासवर्णनें आणि स्नेहसंमेलनाचे वृत्तांत यांच्या पंगतीस हा तेलकट पाहुणा कशास, असें कोणी विचारल्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, या पाहुण्यानें आमच्या आजोळच्या आठ घरांची झोंप एकदां उडविली होती. त्या वेळीं आम्हांस जें पाहावयास व शिकावयास मिळालें तें पुस्तकांत मिळालें नव्हतें.

वाशिष्ठी नदी सह्याद्रींतून उतरून चिपळूणवरून वाहत येते आणि दाभोळपाशीं समुद्रास मिळते. तिच्या मुखाकडील खाडीच्या कांठीं आमचें आजोळ आहे. आमचे मामा तेथें मासेमारीची एक यांत्रिक नौका बाळगून आहेत. ती फार मोठी नाहीं. तिच्या पत्र्याच्या टाकींत सुमारें सहाशें लिटर डिझेल मावतें. तांडेल धरून तिच्यावर आठ माणसें जातात. म्हणजे एक इंजिन चालू असलें तर आठ घरांच्या चुली पेटतात, हा तेथील साधा हिशेब आहे.

महाराष्ट्रांत दरवर्षीं 1 जून ते 31 जुलै या काळांत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. हे दिवस पुष्कळ जातींच्या माशांच्या विणीचे, आणि समुद्रहि त्या वेळीं खवळलेला. पावसाळा तोंडावर आला म्हणजे नौका ओढून वर घेतात, झावळ्यांनीं व ताडपत्रीनें शाकारतात, जाळीं घरीं आणून त्यांचे फाटके भाग विणावयास बसतात. इंजिनाच्या उघड्या भागांस वंगण चोपडतात. लांकडाच्या भेगा बुजवितात. या साऱ्या बाबतींत आमच्या आजोळचे लोक अतिशय दक्ष आहेत. परंतु टाकींत जें कांहीं डिझेल उरलें असेल त्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. तें झांकलेलें असतें. आणि झांकलेल्या वस्तूविषयीं मनुष्य नेहमींच निश्चिंत असतो.

येथें डिझेलविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. हें मूळचें एका माणसाचें आडनांव होय. रुडॉल्फ डिझेल याचा जन्म 1858 सालीं पॅरिस शहरीं जर्मन आईबापांच्या पोटीं झाला. 1897 सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें त्यानें आपलें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. पुढें 29 सप्टेंबर 1913 च्या रात्रीं अँटवर्पहून इंग्लंडकडे जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ नांवाच्या आगबोटीवरून तो नाहींसा झाला, व कांहीं दिवसांनीं त्याचें प्रेत समुद्रांत सांपडलें. ज्याच्या नांवाच्या इंधनावर आज जगांतील पुष्कळ मच्छिमारी नौका चालतात, त्या माणसाचा शेवट समुद्रांतच व्हावा हा योगायोग खरोखर चटका लावणारा आहे. त्याच्या इंजिनाची खुबी अशी कीं, त्यास ठिणगी लागत नाहीं. इंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं ती आपोआप अतिशय तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत डिझेलचा फवारा सोडतांच तें पेट घेतें. हा फवारा ज्या भोकांतून यावयाचा तीं भोकें बहुधा अर्ध्या मिलिमीटराहूनहि बारीक असतात. म्हणजे ज्या यंत्राचे बाहेरून दणदण आवाज ऐकूं येतात, त्याचा घसा आंतून फार नाजूक आहे. त्यास गाळ चालत नाहीं, पाणी चालत नाहीं, आणि हवेचा बुडबुडाहि चालत नाहीं.

आतां हें इंधन पडून राहिलें म्हणजे बिघडतें कां? त्याचे शत्रु तीन. पहिला शत्रु हवा. डिझेलचा हवेंतील प्राणवायूशीं हळूहळू संयोग होत असतो. त्यायोगें त्यांत डिंकासारखे चिकट पदार्थ तयार होतात, रंग काळवंडतो, आणि पुढें तळाशीं राळ बसते. उष्णतेनें ही क्रिया लवकर होते. तांब्यापितळेचा संपर्क असला तर अधिकच लवकर. स्वच्छ, थंड व कोरड्या जागीं ठेवलेलें डिझेल साधारणपणें सहा महिने ते वर्षभर नीट राहतें. कोंकणांतील नौकेची टाकी मात्र थंडहि नसते आणि कोरडीहि नसते.

दुसरा शत्रु पाणी. रत्नागिरी जिल्ह्यांत पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. टाकीच्या झांकणाखालील रबरी कडी जुनी होऊन चिरलेली असली, अथवा हवा खेळण्यासाठीं ठेवलेल्या नळीचें तोंड वरच्या बाजूस उघडें असलें, तर त्यांतून थेंब थेंब पाणी आंत जातें. शिवाय टाकी अर्धी रिकामी असली म्हणजे तिच्या वरच्या भागांत दमट हवा राहते. रात्रीं पत्रा गार झाला कीं त्यावर आंतून दंव धरतें व तें ओघळून खालीं उतरतें. लिटरभर डिझेलचें वजन सुमारें 830 ग्रॅम भरतें, आणि लिटरभर गोड्या पाण्याचें 1000 ग्रॅम. म्हणून पाणी डिझेलवर न तरंगतां तळाशीं जाऊन बसतें, आणि वरून पाहणाऱ्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं.

तिसरा शत्रु सर्वांत विलक्षण, कारण तो जिवंत आहे. पाणी खालीं आणि डिझेल वर, अशी जी सीमारेषा टाकींत तयार होते, तेथें एक प्रकारची बुरशी वाढते. शास्त्रज्ञांनीं तिला अमॉर्फोथेका रेझिनी असें नांव दिलें आहे. इंग्रजी भाषेंत लोक तिला रॉकेलची बुरशी असेंहि म्हणतात. ती राहते पाण्यांत आणि खाते डिझेल! विसाव्या शतकाच्या मध्यास विमानांच्या टाक्यांत ती सांपडूं लागली, तेव्हां मोठमोठ्या तज्ज्ञांसहि तिनें काळजींत पाडलें होतें. तिच्याबरोबर जंतूंच्याहि वसाहती वसतात. या मंडळींच्या शरीरांची मिळून बुळबुळीत, काळपट साय बनते. त्यांच्यापासून निघणाऱ्या आम्लांनीं टाकीचा पत्रा खालून कुरतडला जातो. आणि कांहीं जंतूंमुळें सडलेल्या अंड्यासारखी घाण येते. आमच्या आजोळीं या सायीला ‘शेवाळ’ म्हणतात. तें शेवाळ नव्हे, कारण शेवाळास ऊन लागतें आणि हिला अंधार चालतो. पण नांवापेक्षां करणीच महत्त्वाची.

इतकें ऐकून कोणी म्हणेल कीं, तळाशीं गाळ बसला तर बसूं द्यावा. वरचें स्वच्छ डिझेल इंजिनास मिळालें म्हणजे झालें. हा युक्तिवाद बंदरांत बरोबर आहे, समुद्रांत नाहीं. खाडीच्या मुखाशीं वाळूचा उंचवटा असतो. त्यावर पाणी उथळ असल्यामुळें लाटा तेथें उभ्या राहून फुटतात. नौकेस तो भाग भरतीची वेळ साधून, इंजिनाचा पूर्ण जोर लावून ओलांडावा लागतो. तेथें नौका पुढेंमागें आणि आडवी अशी दोन्ही बाजूंनीं हेलकावते. टाकींतील दोन महिने निजलेला तळ त्या एका घटकेंत जागा होतो, गाळ वर उसळतो, आणि नळींतून फिल्टरांत जाऊन त्याचें तोंड बंद करतो. इंजिन दोनतीनदां खोकतें व बंद पडतें. म्हणजे ज्या ठिकाणीं इंजिनाची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच ठिकाणीं तें दगा देतें. यांत दैवाचा कांहीं संबंध नाहीं. जी लाट नौकेस इंजिनाची गरज लावते, तीच लाट गाळास वर उठवते.

2019 च्या ऑगस्टांत आमच्या मामांच्या एका शेजाऱ्याच्या नौकेवर असाच प्रसंग ओढवला. आदल्या दिवशीं त्यांनीं धक्क्यावर अर्धा तास इंजिन चालवून पाहिलें होतें, व तें घड्याळासारखें चाललें होतें. दुसऱ्या दिवशीं वाळूच्या उंचवट्यावर येतांच तें थांबलें. नांगर टाकला, पण तो वाळूंत धरेना. मागून येणाऱ्या नौकेनें दोर फेकला म्हणून माणसें वांचलीं. तथापि एका खलाशाचा हात मोडला आणि नवें जाळें समुद्रानें नेलें. पुढें फिल्टर उघडून पाहिला तेव्हां त्यांत काळ्या लापशीसारखा गाळ भरलेला दिसला. त्या दिवसापासून आमच्या मामांचे तांडेल एक गोष्ट वारंवार सांगूं लागले: “धक्क्यावर इंजिन चालतं हें कांहीं खरं नाहीं. समुद्र टाकी हलवून विचारतो, तेव्हां काय उत्तर येतं तें बघायचं.” आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हें वाक्य परीक्षेच्या संदर्भांतहि लक्षांत ठेवण्यास हरकत नाहीं.

यानंतर पुढच्याच वर्षीं मामांच्या नौकेवर पाळी आली, ती निराळ्या मार्गानें. 2020 च्या मार्चांत देशभर टाळेबंदी झाली. खलाशी आपापल्या गांवीं गेले. मासळी नेणाऱ्या गाड्या थांबल्या. पुढें पावसाळा आला. त्यानंतर मामांस दीर्घ आजार झाला, आणि नौका वर ओढलेली ती ओढलेलीच राहिली. अशा रीतीनें सतरा महिने गेले. 2021 च्या ऑगस्टांत प्रकृति सुधारल्यावर मामांनीं नौका पुन्हां पाण्यांत लोटण्याचें ठरविलें. आम्ही त्या वेळीं सुटी घेऊन तेथें गेलों होतों. टाकींत सुमारें तीनशें लिटर डिझेल होतें. त्या दिवसांत डिझेलचा भाव लिटरला नव्वद रुपयांच्या वर गेला होता. म्हणजे टाकींत सत्तावीस हजारांहून अधिक रुपयांचा माल होता. सतरा महिने ज्या घरांत मिळकत आली नव्हती, त्या घरास ही रक्कम किती मोठी वाटली असेल हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस सांगावें लागणार नाहीं.

इंजिनाची माहिती असलेला मिस्त्री आला. त्यानें झांकण उघडून वास घेतला व सांगितलें, “नाखवा, हें सगळं काढून टाका.” मामा म्हणाले, “काळं पडलं म्हणून काय झालं? शेवटीं जळायचंच आहे ना?” दोघेहि आपापल्या परीनें प्रामाणिक होते. एकास इंजिनाची काळजी होती, दुसऱ्यास घराची. तेव्हां तांडेल, जे आतांपर्यंत गप्प बसले होते, ते शांतपणें म्हणाले, “नाखवा, तुमचा शब्द मी कधीं मोडला नाहीं. पण ज्या टाकीचा तळ डोळ्यांनीं बघितला नाहीं, त्या टाकीवर सात पोरांना घेऊन मी बाहेर जाणार नाहीं.” यावर मामांस बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. त्यांनीं मान हालविली, आणि काम सुरू झालें.

प्रथम नमुना काढला. एका लांब नळीचें टोंक टाकीच्या अगदीं सखल कोपऱ्यांत सोडून हातपंपानें थोडें डिझेल ओढलें व स्वच्छ कांचेच्या बाटलींत भरून तासभर स्थिर ठेवलें. हा प्रयोग घरच्या घरीं कोणासहि करतां येईल. बाटलींत तीन थर दिसूं लागले. सर्वांत खालीं गढूळ पाणी. त्यावर काळपट सायीचा पातळ पडदा. आणि वर गर्द चहाच्या रंगाचें डिझेल. जें नौकेच्या पोटांत सतरा महिने घडत होतें, तें त्या बाटलींत सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. मामांनीं ती बाटली उजेडांत धरून बराच वेळ निरखली, आणि ती खालीं ठेवतांना ते एवढेंच म्हणाले, “बरं झालं बघितलं.”

मग तळांतील पाणी आणि गाळ आधीं वेगळा ओढून काढला. टाकी हलूं नये, गाळ वर उठूं नये म्हणून हें काम फार हळू करावें लागलें. असा माल सुमारें पंचवीस लिटर निघाला; तो एका पिंपांत निराळा ठेवला. नंतर वरचें डिझेल स्वच्छ पिंपांत भरून त्यांस तीन दिवस सावलींत स्वस्थ बसूं दिलें. तीन दिवसांनीं त्या पिंपांच्याहि तळाशीं जें पांच लिटर गढूळ द्रव जमलें तें काढून पहिल्या पिंपांत मिळविलें. उरलेलें दोनशें सत्तर लिटर बारीक फिल्टरांतून गाळून घेतलें. तें नव्या डिझेलइतकें चांगलें नव्हतें, पण निरुपयोगीहि नव्हतें. मिस्त्रीनें व तांडेलांनीं मिळून असें ठरविलें कीं, चार भाग नव्या डिझेलांत एक भाग जुनें मिसळावें आणि तीनचार खेपांत तें संपवावें. याप्रमाणें ‘सगळें टाका’ आणि ‘सगळें जाळा’ या दोन टोंकांच्या मधली वाट सांपडली. ती वादानें सांपडली नाहीं, बाटलीनें सांपडली.

टाकी रिकामी झाल्यावर तिचें तपासणीचें झांकण काढून दिवसभर हवा खेळूं दिली. येथें एक इशारा दिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. डिझेल पेट्रोलाइतकें चटकन पेटत नाहीं हें खरें. पण रिकाम्या टाकींतील वाफ उन्हाळी हवेंत धोक्याची असते, आणि ती श्वासाबरोबर आंत गेल्यास मनुष्य बेशुद्ध पडूं शकतो. म्हणून टाकींत डोकें घालून कोणी वांकूं नये, जवळपास विडीकाडी पेटवूं नये, आणि मुलांनीं तर अशा जागीं उभेंहि राहूं नये. टाकी बाहेरूनच लांब दांड्यास कापड गुंडाळून पुसली. भिंतीवरील साय निघतां निघेना. बाजारांत बुरशी मारण्याचें औषध मिळतें. परंतु मिस्त्रीचें म्हणणें असें कीं, औषधानें बुरशी मरते, नाहींशी होत नाहीं. तिचीं मेलेलीं सालपटें सुटून फिल्टरांतच जातात. म्हणून आधीं हातानें स्वच्छता आणि मग हवें असल्यास औषध, हाच क्रम योग्य. शेवटीं फिल्टर नवे घातले, नळ्या धुतल्या, झांकणाची रबरी कडी बदलली, आणि नळ्यांतील हवेचे बुडबुडे काढून टाकले.

आतां प्रश्न राहिला तो त्या तीस लिटर घाणीचा. एका खलाशानें पिंप उचललें व तो ओहोटीकडे चालूं लागला. वर्षानुवर्षें तसेंच चालत आलें होतें. खाडी मोठी, पिंप लहान, आणि भरतीचें पाणी सर्व धुऊन नेतें अशी समजूत. इतक्यांत मामी ओटीवरून उतरल्या. त्या फारशा बोलत नाहींत; पण त्या दिवशीं त्यांनीं पिंपासमोर उभें राहून मामांस विचारलें, “अहो, त्या चिखलांत सकाळीं मी तिसऱ्या काढते, हें ठाऊक आहे ना? खाडी म्हणजे कांहीं तुमच्या बोटीची मोरी नव्हे.” सतरा महिने नौका बंद असतां त्या घराची चूल कशावर चालली होती, हें तेथें उभ्या असलेल्या प्रत्येकास ठाऊक होतें. मामी आणि शेजारच्या बाया ओहोटीला चिखलांत वांकून तिसऱ्या, मुळे आणि कालवें काढीत, व बाजारांत नेऊन विकीत. त्यावरच ती चालली होती. पिंप तेथेंच खालीं ठेवण्यांत आलें.

मामींचें म्हणणें गणितानेंहि तपासून पाहण्यासारखें आहे. एक लिटर तेल पाण्यावर पसरून त्याचा थर मिलिमीटराच्या हजाराव्या हिश्शाइतका पातळ झाला, तर तें 1000 चौरस मीटर जागा व्यापील. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. पावसाळ्यांत रस्त्यावर इंद्रधनुष्याच्या रंगांचे जे तवंग दिसतात, त्यांची जाडी साधारण याच मापाची असते. त्या पिंपांत निम्मेंच तेल होतें असें धरलें तरी त्या पंधरा लिटरांचे दीडशें गुंठे, म्हणजे पावणेचार एकर खाडी झाली. तेलाच्या या पसरण्याच्या गुणाचें वर्णन बेंजामिन फ्रँकलिन यानें 1774 सालींच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ठेविलें होतें. चहाच्या चमच्याएवढें तेल त्यानें क्लॅपहॅम येथील तळ्यावर ओतलें, आणि तें पसरत पसरत सुमारें अर्ध्या एकरावर गेलें. त्याच्या तेलानें तळें शांत झालें; आपल्या तेलानें खाडी मुकी होईल. तिसऱ्या व कालवें हे जीव पाणी गाळून त्यांतील अन्न खातात. म्हणजे तेहि एक प्रकारचे फिल्टरच होत. इंजिनाचा फिल्टर तुंबला तर नवा मिळतो. खाडीच्या या फिल्टरांचें तसें नाहीं. 7 ऑगस्ट 2010 रोजीं मुंबई बंदराबाहेर दोन मोठीं जहाजें एकमेकांवर आदळून शेंकडों टन तेल सांडलें, तेव्हां तें खारफुटींत शिरलें आणि लोक मासळी घेण्यास कचरूं लागले. तें वृत्त सर्वत्र गाजलें. पण किनाऱ्यावरील हजारों नौकांतून पिंप पिंप ओतलें जाणारें तेल कोठेंच गाजत नाहीं.

2016 सालच्या घातक कचऱ्याविषयींच्या नियमांप्रमाणें असें टाकाऊ तेल परवानाधारक माणसाकडेच द्यावें लागतें. चौकशीअंतीं असें कळलें कीं, तालुक्याच्या गांवीं मोटारदुरुस्तीच्या दुकानांतून जळकें ऑइल गोळा करणारा एक परवानाधारक मनुष्य दर महिन्यास येतो. त्यानें तें पिंप नेलें. त्याबद्दल त्यानें एक पैसाहि दिला नाहीं. उलट टेम्पोचें भाडें मामांसच भरावें लागलें. मामा कुरकुरले, पण भाडें त्यांनीं भरलें, आणि पुढच्या वर्षापासून वाडींतील पांच नाखव्यांनीं मिळून एकच टेम्पो ठरविण्याची तोडहि त्यांनींच काढली.

त्या वर्षीं नारळी पौर्णिमा 22 ऑगस्टला आली. दर्यास नारळ अर्पण झाला, आणि दोन दिवसांनीं नौका बाहेर पडली. आम्ही किनाऱ्यावर उभे होतों. मामी आमच्या शेजारीं होत्या. वाळूच्या उंचवट्यावर पहिली लाट आली तेव्हां नौकेची नाळ आकाशाकडे गेली, मग ती खालीं आपटली. इंजिनाचा आवाज एकदां लाटेच्या गर्जनेंत बुडाला. त्या क्षणीं किनाऱ्यावर कोणी बोलत नव्हतें. नंतर तो आवाज पुन्हां ऐकूं आला, जसा आधीं होता तसाच, एका तालांत. आणि नौका पलीकडच्या खोल पाण्यांत उतरली. मामी कांहीं न बोलतां टोपली उचलून चिखलाकडे वळल्या. ओहोटी लागली होती.

पहिल्या तीन खेपांत फिल्टराच्या वाटींत थोडा थोडा गाळ येतच राहिला. सतरा महिन्यांची साय एका दिवसाच्या पुसण्यानें जात नाहीं, हें सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. तांडेल दर खेपेस वाटी उघडून पाहत व पुसत. चौथ्या खेपेस ती स्वच्छ निघाली. त्यानंतर मामांनीं एक नेमच केला आहे. मे महिना संपतांना टाकी एक तर फुगण्यापुरती जागा सोडून गळ्यापर्यंत भरून ठेवावयाची, म्हणजे दमट हवेस आंत थारा उरत नाहीं. नाहीं तर पूर्ण रिकामी व कोरडी करून ठेवावयाची. अर्धवट ठेवावयाची नाहीं. टाकीवर खडूनें डिझेल भरल्याची तारीख लिहावयाची. आणि ऑगस्टांत इंजिन सुरू करण्यापूर्वीं तळांतील नमुना बाटलींत घ्यावयाचा. ती पहिली बाटली मामांनीं धुऊन जपून ठेवली आहे. दरवर्षीं तीच वापरतात.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं नौका नाहीं. परंतु शेतावरील डिझेल पंप, दुकानांतील जनरेटर, अथवा अंगणांत महिनेन् महिने उभी असलेली गाडी पुष्कळांच्या घरीं असेल. तिच्या टाकींत काय आहे हें वडीलमंडळींनीं एकदां पाहावें, आणि मुलांनीं त्या वेळीं हातांत कांचेची बाटली घेऊन शेजारीं, पण जरा दूरच, उभें राहावें. स्थिर पाण्यांत सर्व कांहीं स्वच्छ दिसतें, याचा अर्थ तळ स्वच्छ आहे असा नव्हे. तळ पाहण्याची वेळ ही धक्क्यावरची आहे. लाटांवर गेल्यानंतर तो आपणांस पाहावा लागत नाहीं, तो आपणच वर येऊन दिसतो. आणि त्या वेळीं हातांत बाटली नसते, सुकाणूं असतें.